बँकेचे व्याज आणि रिटर्न

मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याणचा दूधनाका येथे रिटर्न भरून देणाऱ्या आमच्या बांधवांपुढे दर हंगामात एक सवाल हमखास येतो : ‘व्याज आम्ही खात नाही, गरिबांना देतो; मग दाखवायचे कशाला?’ यावर मसला सांगत बसू नये, तो उलेमांचा प्रांत. गिऱ्हाइकाला एवढेच सांगावे, की रक्कम खात्यात जमा झाली की कायद्याने ती उत्पन्न. पुढे कुणालाही द्या. २०२१ पासून आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात बचत खात्याचे व्याजही दिसते. ते पासबुकाशी ताडून मगच फॉर्मला हात लावावा. जुन्या करपद्धतीत अशा व्याजावर १०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, नव्या पद्धतीत नाही. गरिबाच्या हाती दिलेल्या जकातीला मात्र दोन्हींत वजावट नाही. हे सही घेण्यापूर्वीच सांगावे, असे आम्हास वाटते.