डिझेलचा काटा आणि आमचा संशय

तराजू खोटा ठरला तर पेढी बुडते, हे आपणा व्यापारी बंधूंस सांगावयास नको. परंतु गाडीतील डिझेलच्या काट्याकडे आपण त्या दृष्टीने पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते.

काही वर्षांपूर्वीच्या कार्तिकात ज्वारी-सोयाबीनच्या सौद्यांसाठी आम्ही जुन्या जीपने आदिलाबादहून गुडिहत्नूर, इंद्रवेल्लीमार्गे उटनूरास निघालो होतो. टाकी आदल्या सायंकाळी भरलेली. इंद्रवेल्ली मागे पडते न पडते तोच काटा पाव टाकीच्याही खाली! उटनूरास उतरताच अडत्याच्या ओट्यावर, चार माणसांदेखत, रात्रीतून डिझेल कोठे गेले असे आम्ही चालकास विचारले. अठरा वर्षांचा आमचा माणूस. तो एवढेच म्हणाला, “शेठजी, काडी घालून पाहा.”

पोत्यात परखी खुपसून धान्य पाहण्यात आमचे आयुष्य गेले, पण टाकीत काडी घालण्याचे आम्हांस सुचले नव्हते. बांबूची स्वच्छ काडी घातली. पाऊण टाकी डिझेल होते!

पुढे मिस्त्रीने बिघाड उलगडून दाखविला. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो; तो वरखाली होताच विजेच्या वाटेतील रोध बदलतो व त्यानुसार काटा हलतो. मिस्त्रीने किल्ली फिरवून टाकीवरील तार सोडली आणि क्षणभर चॅसीस टेकविली. काटा सरळ ‘पूर्ण’वर गेला. (काही गाड्यांत तो उलट ‘रिकामी’कडे जातो.) म्हणजे काटा व तार निर्दोष, दोष टाकीकडे. मग फ्लोटच्या झाकणापासून चॅसीपर्यंत दुसरी तार जोडताच काटा पाऊण टाकीवर स्थिरावला. पावसाळ्यात अर्थची जोडणी गंजली होती, एवढेच! कानशीने घासून ती घट्ट केली. पेट्रोलच्या गाडीत मात्र टाकीजवळ ठिणगी पाडणे जिवावर बेतेल. ते काम जाणत्यानेच करावे.

अर्थ ठीक असूनही काटा सदा ‘रिकामी’च दाखवीत असेल, तर फ्लोटला भोक पडून तो बुडाला असण्याचा संभव असतो. तापमानाचा काटाही सोबतच चुकू लागला, तर टाकी खोलण्याची घाई करू नये; कित्येक जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांस बेताचा विद्युत्दाब पुरविणारी एक लहानशी डबी असते, बहुधा तीच बिघडलेली असते.

पुढच्या फेरीस आम्ही उटनूरच्या त्याच ओट्यावर, त्याच चौघांदेखत चालकाची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. अडत्याने चहा मागविला. जीपमध्ये आता खुणा केलेली काडी असते, आणि ती घालून पाहण्याचे काम आम्ही स्वतः करतो.