कप्तानाची सनद आणि तिची किंमत

आपला माल न्हावा शेवा बंदरातून निघाला की आपल्या हाती एक कागद येतो, बिल ऑफ लेडिंग. बँक त्या कागदावर पैसे मोकळे करते. माल कोणी उघडून पाहत नाही. कागदाच्या तळाशी बहुधा शिपिंग एजंटाची सही असते आणि सहीखाली 'कप्तानाच्या वतीने' असे छापलेले असते. हा कप्तान कोण, कोठला, त्याने आपला हुनर कोठे मिळविला, याची चौकशी आपण व्यापारी कधी करीत नाही. आम्हीही इतकी वर्षे कापडाच्या गाठी परदेशी पाठविल्या, पण ज्याच्या नावावर आपली उधारी-वसुली चालते त्या माणसाचा विचार मनात आला नाही.

हा माणूस पुष्कळदा फिलिपिन्सचा असतो. जहाज पनामाचे, मालक ग्रीसचा, माल आपला आणि पुलावर उभा राहणारा मनीलाचा किंवा इलोइलोचा, अशी आजच्या जहाजधंद्याची तऱ्हा आहे. २०२१ साली जहाजमालकांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी जगातल्या दर्यावर्दींची मोजदाद केली. ती सुमारे १८ लाख ९० हजार भरली आणि माणसे पुरविणाऱ्या देशांत फिलिपिन्स सर्वांत पुढच्या ओळीत होते. आपला हिंदुस्थानही पहिल्या पाचांत आहे. फिलिपिन्सचे हे लोक दरसाल साडेसहा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घरी पाठवितात. म्हणजे आपल्याकडे जसे एखादे गाव मागावर जगते, तसे तिकडचे कित्येक गाव जहाजावर जगतात. अशा देशात एका सनदेला किती वजन असेल, याचा अंदाज कारागीर वाचकांस सहज येईल.

जहाजावरच्या कामाच्या तीन पायऱ्या आंतरराष्ट्रीय कायद्याने ठरविल्या आहेत. सर्वांत खाली खलाशी आणि इंजिनखोलीतले मदतनीस. त्यांच्यावर पाळी सांभाळणारे अधिकारी, म्हणजे सेकंड ऑफिसर, थर्ड ऑफिसर आणि त्यांच्या बरोबरीचे इंजिनियर. सर्वांत वर चौघे: कप्तान, चीफ ऑफिसर, चीफ इंजिनियर आणि सेकंड इंजिनियर. या वरच्या पायरीला 'मॅनेजमेंट लेव्हल' म्हणतात. भिवंडी-मालेगावच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर, माग उत्तम चालविणारा विणकर वेगळा आणि सूत कधी घ्यावे, कोणता माग बंद ठेवावा, आग लागली तर काय करावे, कामगारांत भांडण झाले तर ते कसे मिटवावे, हे ज्याच्या शिरावर असते तो वेगळा. चांगला विणकर आपोआप चांगला कारखानदार होत नाही. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. काहींनी तर त्याची किंमतही मोजली आहे.

जहाजवाल्यांनी ही गोष्ट कायद्यात लिहून ठेवली. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९७८ साली दर्यावर्दींच्या तालमीचा करार केला. १९९५ साली तो जवळजवळ नव्याने लिहिला गेला आणि २०१० साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. ही शेवटची दुरुस्ती मनीला शहरात भरलेल्या परिषदेत झाली, म्हणून तिला 'मनीला दुरुस्ती' असेच नाव पडले. ज्या शहराचे नाव कायद्याला मिळाले, त्याच शहराच्या लोकांना पुढे त्या कायद्याने सर्वांत जास्त घाम फोडला.

करार असा की, मोठ्या जहाजावर चीफ ऑफिसर होण्यास पाळीचा अधिकारी म्हणून निदान १२ महिने समुद्रावर काढलेले असावेत. कप्तान होण्यास ३६ महिने. चीफ ऑफिसर म्हणून १२ महिने केले असतील तर २४ चालतात. पण नुसत्या महिन्यांनी भागत नाही. माल कसा भरला म्हणजे जहाज कलणार नाही, वादळात मार्ग कसा बदलावा, इलेक्ट्रॉनिक नकाशा कोठे फसवितो, कोणत्या बंदराचा कोणता कायदा, हे सर्व शिकून त्याची परीक्षा द्यावी लागते. मनीला दुरुस्तीने आणखी एक विषय सक्तीचा केला: माणसे चालविण्याचा. पुलावर चार जण उभे असताना धाकट्याला चूक दिसली तर ती बोलून दाखविण्याची हिंमत त्याला व्हावी आणि कप्तानाने ती ऐकावी, हेही आता शिकवावे लागते. आम्हांस हा विषय सर्वांत कठीण वाटतो. आमच्या पेढीवरही तो अजून कोणास नीट जमलेला नाही.

फिलिपिन्समध्ये चार वर्षांची पदवी असते, त्यातले एक वर्ष प्रत्यक्ष जहाजावर. ही पदवी पाळीच्या अधिकाऱ्यापर्यंत नेते. पुढच्या पायरीसाठी 'मॅनेजमेंट लेव्हल कोर्स' वेगळा करावा लागतो आणि तो झाल्याशिवाय वरच्या परीक्षेस बसू देत नाहीत. तिकडे या कोर्सला थोडक्यात 'एमएलसी' म्हणतात. आपल्याकडे एमएलसी म्हटले की विधान परिषदेचे आमदार डोळ्यांपुढे येतात. तिकडचा एमएलसी मात्र स्वतःच्या खिशातून होतो.

आता या खिशाचीच गोष्ट. फिलिपिनो दर्यावर्दी कायम नोकर नसतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट सांगितले की तो कराराचा माणूस आहे. करार संपला की नोकरी संपली. करार चालू असताना मूळ पगाराचा ८० टक्के भाग दरमहा घरी पाठविणे सरकारी करारपत्रानुसार बंधनकारक असते. म्हणजे घरची चूल त्या रकमेवरच पेटते. करार संपून माणूस घरी आला की ती रक्कम बंद. आणि एमएलसीचा वर्ग नेमका याच काळात करावा लागतो, कारण जहाजावर बसून तो होत नाही. आठवड्यांमागून आठवडे वर्ग, फी, मनीलात राहण्याचा खर्च, नंतर लेखी परीक्षा, नंतर प्रात्यक्षिक आणि या सर्व काळात कमाई शून्य. वीस वर्षे समुद्रात काढलेला अधिकारी, ज्याने वादळातून जहाज बाहेर काढले आहे, तो पोरांच्या वयाच्या लोकांशेजारी बाकावर बसतो आणि घरी बायको दुकानदाराला थांबायला सांगते. काही कंपन्या खर्च उचलतात, पण मग अमुक करार आमच्याकडेच करावे लागतील अशी अट घालतात. पेशगी देऊन कारागीर बांधून ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही.

गंमत अशी की दर्यावर्दींच्या हक्कांचाही एक करार आहे, सागरी श्रम करार २००६, आणि त्याचेही इंग्रजी आद्याक्षरांनी नाव एमएलसीच होते. तो अमलात यावयास तीस देशांची मंजुरी हवी होती. ती संख्या २० ऑगस्ट २०१२ रोजी रशिया आणि फिलिपिन्सच्या सहीने पूर्ण झाली. नोकरी लावून देण्याबद्दल दर्यावर्दीकडून पैसे घेण्यास तो मनाई करतो. शाळेच्या फीची जबाबदारी मात्र तो मालकावर टाकीत नाही. एक एमएलसी खिसा राखते, दुसरी रिकामा करते.

मग ही तालीम ऐच्छिक का ठेवीत नाहीत, असे कोणी विचारील. २० डिसेंबर १९८७ च्या रात्री फिलिपिन्सच्याच समुद्रात 'डोना पाझ' नावाची प्रवासी बोट 'व्हेक्टर' या तेलाच्या टँकरवर आदळली आणि चार हजारांहून अधिक माणसे जळून-बुडून मेली. शांततेच्या काळातला सागरी अपघात म्हणून याहून मोठा दुसरा सांगत नाहीत. टँकर समुद्रात जाण्याच्या लायकीचा नव्हता आणि त्यावर पात्र कप्तान नव्हता, असे चौकशीत निघाले. बोटी देशांतर्गत होत्या, परदेशी मार्गावरच्या नव्हत्या. पण पात्र माणूस पुलावर नसणे म्हणजे काय, हे त्या देशाला कोणी वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

सनद खरी असणे ही दुसरी बाब. २००१ साली वाहतूक कामगारांच्या जागतिक महासंघाचे सरचिटणीस डेव्हिड कॉक्रॉफ्ट यांनी मुद्दाम एक प्रयोग केला. समुद्राची तालीम नसलेल्या या गृहस्थांना पैसे मोजून पनामाची फर्स्ट ऑफिसरची सनद मिळाली. फर्स्ट ऑफिसर म्हणजे हीच वरची पायरी. कप्तान पडला तर जहाज त्याच्या हाती. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेसाठी झालेल्या एका पाहणीत बनावट सनदांची १२ हजारांवर प्रकरणे आढळली. आपल्या गाठींवर सही करणारा असाही असू शकतो, हे ध्यानात आले की फीची तक्रार थोडी मऊ होते.

फिलिपिन्सची खरी परीक्षा युरोपने घेतली. युरोपीय जहाजांवर बाहेरच्या देशाची सनद चालावयाची असेल तर त्या देशाच्या शाळा आणि परीक्षा युरोपची सागरी सुरक्षा संस्था जाऊन तपासते. फिलिपिन्समध्ये ही तपासणी २००६ पासून सुरू झाली आणि दर वेळी उणिवा निघत गेल्या. कोर्सची आखणी, शिकविण्याची साधने, सिम्युलेटर, परीक्षा घेण्याची पद्धत, शाळांवरची देखरेख, जहाजावरची उमेदवारी, सनदांची नोंद, जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर बोट ठेवले गेले. त्या काळी कारभारही विखुरलेला होता: शाळा एका खात्याकडे, परीक्षा दुसऱ्याकडे, सनद तिसऱ्याकडे. २०१२ च्या आदेशाने आणि २०१४ च्या कायद्याने तो 'मरीना' या एका सागरी प्राधिकरणाकडे आणला गेला. तरी डिसेंबर २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने ताकीद दिली की सुधारणा न झाल्यास मान्यता काढून घेऊ.

त्या वेळी युरोपीय झेंड्याच्या जहाजांवर सुमारे ५० हजार फिलिपिनो कप्तान आणि अधिकारी काम करीत होते. खलाशांना या ताकिदीची तेवढी झळ नव्हती. धोका होता तो अधिकाऱ्यांच्या सनदांना, म्हणजे ज्यांनी पदरचे पैसे घालून, महिने वाया घालवून वरची पायरी गाठली त्यांनाच. यात आम्हांस मोठा अन्याय दिसतो. विद्यार्थ्याने फी भरली, वर्ग केला, परीक्षा दिली. शाळेचा सिम्युलेटर जुना असेल किंवा तपासनीस डोळे मिटून गेला असेल, तर तो दोष त्या अधिकाऱ्याचा कसा? पण सनदेचा भाव ती देणाऱ्या मोहोरेवर ठरतो. हुंडीचेही असेच असते. लिहिणाऱ्याची पत गेली की धरणारा रडतो. २०२२ च्या डिसेंबरात फिलिपिन्सचे अध्यक्ष ब्रसेल्सला असताना जहाजमालकांच्या संघटनांशी या विषयावर बोलले. अखेर ३१ मार्च २०२३ रोजी युरोपीय आयोगाने मान्यता चालू ठेवण्याचा निर्णय जाहीर केला आणि राहिलेल्या सुधारणांसाठी मदतही देऊ केली.

शाळा चांगली काढावयाची तर कशी, याचा नमुनाही त्याच देशात आहे. दर्यावर्दींच्याच संघटनेने १९९८ साली बताआन प्रांतात मारिव्हेलेस येथे स्वतःची सागरी अकादमी उभी केली. कामगारांच्या संघटनेने कारागिरांची शाळा काढावी ही गोष्ट आपल्या विणकर बंधूंनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अडचण मात्र पहिल्या पायरीपाशीच तुंबलेली आहे. पदवीचे वर्ग भरभरून पोरे बाहेर काढतात, पण जहाजावरच्या उमेदवारीच्या जागा थोड्या. मनीलात लुनेटा बागेच्या कडेने कलाव नावाचा रस्ता आहे. तेथे भरती करणारे जागांचे फलक धरून उभे असतात आणि दर्यावर्दी कागदांची फाईल बगलेत मारून फिरत असतात. आपल्या मजूर नाक्याचे हे समुद्री रूप. जागा न मिळालेली पोरे एजन्सीच्या ऑफिसात 'युटिलिटी' म्हणून राबतात: चहा आणणे, फाईली पोचविणे, साहेबाची गाडी पुसणे. पगार नाही किंवा नावापुरता. आशा एवढीच की कधीतरी जहाजावर चढवतील. ज्याची उमेदवारीच अशी लांबली, त्याचा एमएलसी किती वर्षे दूर, याचा हिशेब वाचकांनीच करावा. २३ सप्टेंबर २०२४ रोजी तिथे दर्यावर्दींच्या हक्कांचा मोठा कायदा झाला आणि त्यात उमेदवार पोरांचाही विचार केलेला आहे.

आपल्याकडे रत्नागिरी-रायगडच्या घरांतून जहाजावर जाणारे आजही आहेत. पूर्वी खलाशी आणि सारंग म्हणून जात, आता अधिकारी म्हणूनही जातात. त्यांनाही हाच आंतरराष्ट्रीय करार लागू आहे, वरच्या सनदेसाठी त्यांनाही जहाज सोडून वर्गात बसावे लागते आणि युरोपचे तपासनीस आपल्याकडेही येतात. मुंबईत जहाजरानी महासंचालकांचे कार्यालय आहे. मुलाला कोणत्याही संस्थेत घालण्यापूर्वी तिचे नाव तेथील मान्य यादीत आहे की नाही हे पाहून घ्यावे. एजंटाच्या तोंडी शब्दावर पैसे मोजू नयेत आणि त्या संस्थेची मुले गेल्या वर्षी खरोखर जहाजावर चढली का, हे त्यांच्या घरी जाऊन विचारावे. आणि एक गोष्ट आधीच समजून घ्यावी, की कप्तान झाल्यावरही सनद पाच वर्षांचीच असते. त्या पाच वर्षांत निदान १२ महिने समुद्रावर गेले नसतील, तर ती पुढे चालविण्यासाठी पुन्हा पात्रता दाखवावी लागते.