हमी कोणाची, कोणासाठी?

अमरावती–अकोला रस्त्याची दोन्ही रूपे मी पाहिली आहेत. २०१८ साली आयएल अँड एफएस समूह कर्जाच्या हप्त्यांत अडकला. त्याच समूहातील कंपनीकडे असलेले अमरावती–चिखली चौपदरीकरण रखडले. पुढे कामाचे भाग पाडून ते नव्याने दिले गेले आणि जून २०२२ मध्ये याच मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचे ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन गिनीज बुकात नोंद झाली. विक्रमाची बातमी सर्वांनी वाचली. मला मात्र मधल्या काळाचा प्रश्न छळत राहिला: कंत्राटदार थांबला की कोणाचे काय बुडते आणि ते कोण भरून देते?

प्रश्न घरातूनच आला होता. मूर्तिजापूर तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने एका वेगळ्या, लहान रस्त्याच्या कामावर टिप्परने मुरूम टाकला होता. कंत्राटदार काम सोडून गेला. कार्यालयात चौकशी केली तेव्हा त्याची अनामत जप्त झाल्याचे कळले. मला वाटले, बरे झाले. मावसभाऊ म्हणाला, "जप्त झाली त सरकारले भेटली ना दादा. मले काय भेटलं?" वर्षभरात त्याने टिप्पर विकला.

मी वकील नाही, अभियंताही नाही. निविदांचे कागद आणून वाचत गेलो. त्यांत तीन वेगळ्या तटबंद्या दिसल्या. पहिली बयाणा रक्कम: निविदा मंजूर झाल्यावर माघार घेतली तर ती जाते. दुसरी सुरक्षा ठेव: काही आधी भरायची, काही देयकांतून कापली जाते आणि दोषदायित्व कालावधी संपल्यावर परत मिळते. अंदाजपत्रकाहून फार कमी दर भरला तर ज्यादा ठेव मागतात, कारण एवढ्या स्वस्तात काम पुरे होईल का, ही शंका असते. तिसरी विमा: पुरात भराव वाहून गेला, यंत्राखाली कोणी सापडले, तर त्याची भरपाई. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत तो शासनाच्या विमा संचालनालयाकडूनच काढण्याची अट असते.

विमा आणि हमी या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. विमा अपघाताचा असतो, हमी शब्दाची. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे हमीत तीन पक्ष असतात: देणेकरी, घेणेकरी आणि जामीनदार. आपल्याकडे हे जुनेच आहे. माणूस हजर करण्याची जबाबदारी घेणारा हाजीरजामीन आणि पैसा भरून देणारा मालजामीन, हे शब्द जुन्या दफ्तरांत आहेत. आजचा मालजामीन म्हणजे बँक.

बँक फुकट जामीन राहत नाही. मुदत ठेव ठेवून घेते, उरलेल्यासाठी शेत किंवा घर तारण मागते. लहान कंत्राटदाराचे भांडवल इथेच गोठते आणि मग तो मुरूमवाल्याला म्हणतो, "पुढच्या बिलात बघू." यावर तोडगा म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने आपल्या वित्तीय नियमांत बँक हमीच्या जोडीला विमा कंपनीचा जामीन-बॉण्डही मान्य केला. विमा नियामकाची मार्गदर्शक तत्त्वे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते पहिला असा बॉण्ड बाजारात आला. यात कंपनी कंत्राटदाराची ऐपत आणि मागची कामे तपासते. भरपाई द्यावी लागली, तर ती त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क राखून ठेवते. सोय चांगलीच आहे. पण ही हमीही काम देणाऱ्याच्याच नावे असते.

अमेरिकेत या कोड्याचा दुसरा अर्धा भाग फार पूर्वी सोडवला गेला. खासगी इमारतीवर पैसे थकलेला पुरवठादार बोजा चढवू शकतो. सरकारी इमारतीवर नाही. म्हणून १८९४च्या हर्ड कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या १९३५च्या मिलर कायद्याने हमीची व्याप्ती मजूर आणि माल पुरवणाऱ्यांपर्यंत नेली. मिलर कायद्याने दोन स्वतंत्र बॉण्ड सक्तीचे केले: एक काम पुरे होण्याचा, दुसरा त्यांचे पैसे मिळण्याचा. ९० दिवसांत पैसे न मिळाल्यास पुरवठादार त्या दुसऱ्या बॉण्डवर थेट दावा लावू शकतो; मात्र वर्षाच्या आत.

आपल्याकडे मजुरापुरता विचार झाला. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी, असे कलम २१ म्हणत होते; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा कामगार संहितेने घेतली. मजूर कागदावर नोंदलेला असला, तरच ते उपयोगी. मुरूम, पाणी, गिट्टी पुरवणाऱ्याच्या हाती मात्र दिवाणी दावाच उरतो. ज्याच्याकडे फक्त टिप्परच्या खेपांची वही आहे, त्याने वकील कुठून करायचा?

सगळी अमेरिकी व्यवस्था उचलून आणा, असे मी म्हणत नाही. हप्ता वाढेल, तो शेवटी कामाच्या किमतीतच येईल. पण सुरक्षा ठेव परत करण्याआधी कामावरच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीत सूचना लावून थकीत देणी मागवावीत, आणि ठेवीचा लहानसा हिस्सा त्यांच्यासाठी राखावा, एवढे तर निविदेच्या एका कलमात बसते.

मावसभाऊ आता दुसऱ्याच्या टिप्परवर चालक आहे. खेपांची ती वही त्याने अजून फेकलेली नाही.