पडद्यावरील थरांची जुळणी

भ्रमणध्वनीचा पडदा एकसंध दिसतो. वस्तुतः ते अनेक थरांचे एकत्रित चित्र असते. अँड्रॉइड प्रणालीत वरची स्थितिदर्शक पट्टी व चालू अ‍ॅपची खिडकी यांचे थर निरनिराळे रेखाटले जातात. ‘सरफेसफ्लिंगर’ हा घटक त्यांचा खालवरचा क्रम, स्थान व पारदर्शकता पाहून ते जुळवितो. शक्य तेथे ही जुळणी पडद्याच्या खास यंत्रणेवर सोपविली जाते. त्यामुळे विजेची बचत होते.

पडदा सेकंदास ६० वेळा नवा होत असेल, तर प्रत्येक चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंदच मिळतात. ही वेळ चुकली, की जुनेच चित्र पुन्हा दिसते व हालचाल अडखळते. म्हणून २०१२ मधील ४.१ या आवृत्तीत तिहेरी साठवणीची योजना आली: एक चित्र दिसत असता दुसरे जुळणीत असले, तरी तिसरे रेखाटण्यास जागा मोकळी राहते.