फी माफ झाली, पण खोलीचं भाडं?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. पोरगी हुशार आहे, मार्क चांगले पडलेत, पण पाठवायचं कुठं आणि कशाच्या जिवावर? २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, मराठा आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. चांगलंच झालं. पण फी माफ झाली म्हणून मेसवाली फुकट जेवू घालत नाही. गावाकडची पोरगी शहरात अडते ती वर्गात नाही, खोलीच्या भाड्यावर आणि दोन वेळच्या डब्यावर अडते.

हे कोडं काही आजचं नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांसाठी वसतिगृह काढलं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. आपण दागिने मोडायच्या आधी सरकारदरबारी काय आहे ते बघू.

सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तमच. जागा थोड्या, मुलं फार. म्हणून ज्यांना प्रवेश मिळत नाही त्यांच्या बँक खात्यात राहण्या-जेवणाचे पैसे द्यायच्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, ती समाजकल्याण कार्यालयाकडे. आदिवासी मुलांसाठी स्वयं, ती आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार, पण तिथं जिल्ह्यामागे ६०० जणांचीच मर्यादा, त्यामुळे गुणवत्ता यादी लागते. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता वेगळाच. खर्च एकच, भूक एकच, आणि दारं मात्र चार! आईनं कुठलं दार ठोठवायचं हे तिला कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून गटात सांगायचं.

आता पैशांचं. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार : जेवणाचे ३२, खोलीचे २० आणि वरखर्चाचे ८ हजार. विभागाच्या इतर शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. आधार योजनेत तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार. साठ हजार म्हणजे महिन्याला पाच हजार. पुण्यात एवढ्यात सगळं भागणार नाही, पण निम्म्याहून जास्त ओझं नक्की उतरतं. यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि कॉलेज आपल्या राहत्या गावात नको.

खरी मेख आहे कागदात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि त्याआधी तलाठ्याचा अहवाल. निकालानंतर सेतू केंद्रात जत्रा भरते, म्हणून मार्च संपला की एप्रिल-मेमध्येच दाखला काढून ठेवायचा. सेवा हमी कायद्यानं हा दाखला पंधरा दिवसांत मिळाला पाहिजे. अर्ज दिल्याची पावती मागून घ्या. पावती नसली की पंधरा दिवस कधी सुरू झाले हेच कुणी मान्य करत नाही.

दुसरं, नावं. मार्कशीटवर सुनीता, आधारवर सुनिता. रेशनकार्डावर आजोबांचं आडनाव, शाळेत वेगळं. माणसाला हे एकच दिसतं, संगणकाला दोन बायका दिसतात. हे दुरुस्त करायला महिने जातात, तेव्हा पोरगी दहावीत असतानाच सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचा. मोठ्यानं वाचा, म्हणजे चूक कानाला लागते.

तिसरं, खातं. पैसे मुलीच्या आधारला जोडलेल्या खात्यातच जातात. पूर्वी शाळेत शून्य शिलकीवर उघडलेलं खातं असेल तर त्यात किती पैसे राहू शकतात याला मर्यादा असू शकते, आणि वापर नसला की ते बंदही पडतं. बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करा आणि 'सरकारी अनुदान याच खात्यात येईल ना' हे स्पष्ट विचारा.

खोलीचा भाडेकरार आणि मेसच्या पावत्याही मागतात. कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरींना घरमालक करार द्यायला टाळतात. खोली ठरवतानाच, डिपॉझिट देण्याआधी, हे बोलून घ्यावं. एकदा पैसे हातात पडल्यावर मालकाची भाषा बदलते.

आणि पैसे उशिरा येतात, हे मनाशी धरूनच चाला. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये, पैसे हप्त्याहप्त्यानं, कधी कधी वर्ष सरता सरता. मधले महिने कोण चालवणार? इथं बचत गट कामाला येतो. धरा, सुरुवातीला पंधरा हजार लागले. गटाचं व्याज शेकडा दोन असेल तर पहिल्या महिन्याचं तीनशे रुपये होतं. सावकार शेकडा पाचनं देत असेल तर साडेसातशे. गटातल्या ज्या घरची पोरगी बाहेर जाणार आहे तिची गरज जूनच्या बैठकीतच नोंदवली, तर ऐनवेळी धावपळ होत नाही. भत्ता आला की कर्ज फेडायचं, असं इतिवृत्तात लिहून घ्या.

एक गोष्ट मात्र आपल्या हातची. या पैशांसाठी हजेरी ७५ टक्के लागते आणि तसा दाखला कॉलेज देतं. सोयाबीन काढायला, चुलत बहिणीच्या लग्नाला, आजीच्या आजारपणात पोरीला घरी बोलावलं की दर वेळी आठ-आठ दिवस जातात. पोराला कुणी बोलावत नाही, पोरीलाच बोलावतात. पुढच्या वेळी फोन उचलताना तिची आतापर्यंतची हजेरी किती झाली, ते आधी तिलाच विचारा.