रेवदंड्याच्या पुलावरून तौलनिक साहित्य

अलिबागहून मुरुडला निघालं की चौल, रेवदंडा, कोर्लई ही गावं ओळीने लागतात. पर्यटक नारळी-पोफळीच्या वाड्या बघत पुढे जातो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने मात्र इथे उतरायला हवं.

गटेने १८२७ मध्ये विश्वसाहित्याची कल्पना मांडली. रवींद्रनाथ १९०७ मध्ये त्याच विषयावर बोलले. बुद्धदेव बसूंनी १९५६ मध्ये जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा विभाग उभा केला. मुंबई विद्यापीठातल्या टागोर अध्यासनावर वसंत बापट आणि पुढे भालचंद्र नेमाडे होते. सुरुवातीला या अभ्यासाचं रूप बरंचसं जमाखर्चाचं होतं: या भाषेने त्या भाषेकडून काय उचललं? त्यासाठी दोन्ही साहित्यं आधी वेगळी धरावी लागत.

इथल्या किनाऱ्यावर हे गृहीतकच डळमळतं. पंधराव्या शतकात चौलला उतरलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन आपल्या प्रवासवर्णनात मध्येच तुर्की, फारसी, अरबीत शिरतो. प्रार्थनाही तशाच मिश्र भाषेत करतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले इथले बेने इस्राएल ज्यू लोक. या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोशे आणि योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनात आणल्या. कथा हिब्रू बायबलातली, बाज आपल्या हरिदासी कीर्तनाचा. याला कर्ज म्हणायचं की घरचंच धन?

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलतात. चौलवरचा पोर्तुगीज अंमल १७४० मध्ये संपला, बोली मात्र टिकली. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज, पण वाक्यात क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं. तिची गाणी आणि गोष्टी तोंडीच चालत आल्या. छापील ग्रंथांपुरत्या अभ्यासात त्यांना जागा कुठली?

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी २००३ मध्ये तौलनिक साहित्य या ज्ञानशाखेच्या मृत्यूची भाषा केली, ती जुन्या युरोपकेंद्री रूपाबद्दल. आशिया-आफ्रिकेतल्या भाषा नीट शिका, त्यांतलं साहित्य बारकाईने वाचा, हा त्यांचा आग्रह आहे. मौखिक परंपरा, भाषांतर, मिश्र बोली हे विषय आता कडेला राहिलेले नाहीत.

आपल्याकडे अजूनही मराठी विभाग वेगळा, इंग्रजी विभाग वेगळा. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी एकत्र रेवदंड्याचा पूल ओलांडावा आणि कोर्लईतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून त्यांच्या गोष्टी ऐकाव्यात, टिपून घ्याव्यात. ग्रंथालय कुठे जात नाही. ही माणसं कायमची नाहीत.