‘मार्जिन’ नक्की कुणाचं? कागदावर गोंधळात टाकणारे इंग्रजी शब्द

सिहोऱ्यात पोह्यांचं किंवा मसाल्याचं छोटं युनिट टाकायचं म्हटलं, तर गिऱ्हाइकाशी बोलायला इंग्रजी लागत नाही. तुमसरच्या बाजारात मराठी, हिंदी, पोवारी सगळं चालतं. इंग्रजी येते ती कागदावर. बँकेचं पत्र, मशीनवाल्याचं कोटेशन, जीएसटीचं बिल. आणि खरी अडचण अवघड शब्दांची नसतेच बरं का, ते आपण विचारून घेतो. गोंधळ करतो तो ओळखीचा शब्द.

‘मार्जिन’च घ्या. दुकानदारासाठी मार्जिन म्हणजे नफा. बँकेत ‘तुमचं मार्जिन किती?’ असं विचारलं, तर त्याचा अर्थ तुम्ही स्वतःच्या खिशातून किती घालणार. आणि पीएमईजीपी योजनेच्या कागदावर ‘मार्जिन मनी’ म्हणजे चक्क सरकारी सबसिडी! एकच शब्द, तीन टेबलं, तीन अर्थ.

आकड्यांत बघू. ग्रामीण भागातली महिला या योजनेत 10 लाखांचा प्रकल्प मांडते. तिचा स्वतःचा वाटा 5 टक्के, म्हणजे 50 हजार. मार्जिन मनी 35 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. हे साडेतीन लाख ‘आपल्याला भरायचे’ असं समजलं, तर ताई अर्ज न भरताच घरी जाईल. उलट, ते रोख हातात मिळतील असं समजणंही चूकच. ती रक्कम 3 वर्षं बँकेत तिच्या नावावर अडकून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. म्हणून बँकेत सरळ मराठीत विचारा, ‘साहेब, हे पैसे माझे की सरकारचे?’ यात लाजायचं काय?

नफ्याच्या अर्थानेही मार्जिन फसवतं, कारण त्याचा जुळा भाऊ आहे ‘मार्कअप’. मार्कअप खर्चावर मोजतात, मार्जिन विक्रीच्या किमतीवर. तुमचं पाकीट 100 रुपयांत तयार होतं. दुकानदार म्हणतो, एमआरपीवर 20 टक्के मार्जिन द्या. तुम्ही 100 वर 20 चढवून एमआरपी छापली 120. आता 120 चे 20 टक्के होतात 24. तुमच्या हातात आले 96. प्रत्येक पाकिटामागे 4 रुपये घरचे गेले! नुसता खर्च निघायलाच एमआरपी 125 हवी, तुमचा नफा त्याच्यावर. माल दणक्यात विकला जातो आणि गल्ला मात्र रिकामा, असं असेल तर आधी हे गणित तपासा.

बिलाच्या कागदांचंही तसंच. कोटेशन म्हणजे भाव सांगणं. प्रोफॉर्मा इनव्हॉइस दिसतो बिलासारखा, पण तो बिल नाही. त्यावर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. त्यासाठी टॅक्स इनव्हॉइसच लागतो. तुम्ही स्वतः कंपोझिशन योजनेत असाल, तर तुम्ही द्यायचं ते ‘बिल ऑफ सप्लाय’, आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घ्यायचा नाही.

स्पेलिंगचं फार मनावर घेऊ नका. प्रिन्सिपलच्या शेवटी पी-ए-एल असेल तर कर्जाच्या कागदावर ती मुद्दल, पी-एल-ई असेल तर तत्त्व. बँकेच्या पत्रात तत्त्वं सहसा नसतात, त्यामुळे मुद्दलच समजा! ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, पैसे सुटतात ते ‘डिस्बर्समेंट’ला. नुसतं सँक्शन लेटर बघून मशीनवाल्याला शब्द देऊ नका. ‘मोरॅटोरियम’मध्ये हप्ता थांबतो, व्याजाचं मीटर साधारणपणे चालूच असतं.

आणि ‘हायपोथिकेशन’. उच्चारायला जड आहे, पण बहुतेक मशीन-कर्जात भेटतोच. सोनं तारण ठेवलं की ते बँकेच्या तिजोरीत जातं, त्याला ‘प्लेज’ म्हणतात. घर-जमिनीचं ‘मॉर्गेज’ होतं. हायपोथिकेशनमध्ये मशीन तुमच्याच शेडमध्ये राहते, तुम्हीच चालवता, पण तिच्यावर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटेपर्यंत बँकेला न विचारता ती विकता येत नाही, जुनी देऊन नवी घेतानाही नाही.